भुयार गाळू नका!

चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाणारा माणूस आणि आयुष्यातला कंटाळवाणा भाग गाळून जगू पाहणारा माणूस हे दोघे एकाच गोत्राचे, असं माझं फार दिवसांचं मत आहे. पहिल्याला आपण निदान 'अरे, बाकीच्यांनी काय नुसते पोहे चघळायचे?' असं खडसावतो तरी. दुसऱ्याला मात्र आपण हुशार म्हणतो, त्याच्याकडून युक्ती शिकतो आणि घरी येऊन मुलांना त्याचं उदाहरण देतो.

प्रस्तुत लेख ह्या दुसऱ्या इसमाविरुद्ध आहे. तो सौम्य असेल अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. बँकेतला कारकून दिवसभर खिडकीत बसून गोड बोलत असतो. त्याच्या अंगात येतं ते कागदावरच.

मी राजूरचा. राजूर म्हटलं की जालन्याकडची माणसं हात जोडतात, कारण त्यांच्या राजूरला गणपती आहे. अकोले तालुक्यातली माणसं 'वा, म्हणजे भंडारदऱ्याजवळ!' म्हणून खूश होतात. आमचं राजूर तिसरं. यवतमाळ जिल्हा, वणी तालुका. इथे प्रसिद्ध गोष्टी दोन : कोळसा आणि चुना. खाणीतून येणारा माणूस काळा, भट्टीवरून येणारा पांढरा, आणि दोघांचे पैसे मोजणारा आमच्यासारखा कारकून वयोमानानुसार राखाडी. अशा गावी उन्हाळ्याच्या संध्याकाळी कूलरसमोर बसून माणसानं काय करावं? मी संगणकावर खेळ खेळतो.

'ह्या वयात?' हा प्रश्न मला सर्वांनी विचारून झाला आहे. माझ्या वयाची माणसं शेअर बाजार खेळतात, पतसंस्थेच्या निवडणुका खेळतात. त्यांच्या खेळात राक्षस उघडपणे दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

माझा खेळ म्हणजे भरधाव गाड्या किंवा धडाधड बंदुका नव्हेत. इंग्रजीत त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपल्याकडे त्याला सोंग हा चांगला शब्द आहे. आपल्या भागातल्या दंडारीत सोंग घेतात तसं आपण एखाद्या लढवय्याचं सोंग घ्यायचं, तीन सोबती जमवायचे आणि गावोगाव हिंडून लोकांची संकटं निवारायची. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण मात्र इथे साफ खोटी ठरते. माझ्या लढवय्याच्या खात्यावर नेहमी माझ्यापेक्षा जास्त शिल्लक असते.

ह्या खेळांत एक गोष्ट ठरलेली, ती म्हणजे भुयार. इंग्रजीत डंजन. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तेव्हा नावातच भुयार आधी ठेवलं आणि ड्रॅगनला मागे बसवलं. १९८१ साली संगणकावर 'विझर्ड्री' आला. दहा मजली भुयार, दर मजल्यावर २० गुणिले २० चौकोन. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे हिशेब तत्काळ केला : ४००० चौकोन. खेळणारी माणसं आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं त्याचे नकाशे काढीत बसत. १९८७ साली जपानात 'ड्रॅगन क्वेस्ट २' आला. त्यात खेळ मध्येच थांबवायचा झाला तर यंत्र एक मंत्र देई. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. मंत्राची लांबी किती? ५२ अक्षरांपर्यंत! एक अक्षर चुकलं की कालची सगळी मेहनत पाण्यात. आमच्याकडे भरणापावतीवर लोकांना स्वतःचा खाते क्रमांक धड लिहिता येत नाही, आणि तिकडे शाळकरी पोरं हे करीत होती. ह्याच खेळाच्या उत्तरार्धात एक गुहा आहे, तिच्यात न दिसणारे खड्डे आहेत. चालता चालता माणूस खालच्या मजल्यावर. चढा पुन्हा. १९९० च्या 'फायनल फँटसी ३' मध्ये तर शेवटच्या लांबलचक टप्प्यात खेळ जतन करायची सोयच ठेवलेली नव्हती. शेवटच्या राक्षसापुढे हरलात की पुन्हा पायथ्यापासून सुरुवात.

माझं भुयार त्या मानानं तरुण. २००९ साली कॅनडातल्या बायोवेअर कंपनीनं 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' काढला. त्यात एका सरोवरात जादूगारांचा मनोरा आहे. मनोऱ्यात भुताटकी माजलेली. आपण मारामारी करीत वर चढत जातो, तो वरच्या मजल्यावर एक आळसाचा राक्षस भेटतो. तो तलवार उपसत नाही. तो जांभई दिल्यासारखं बोलतो आणि आपली सगळी मंडळी जागच्या जागी झोपी जातात. डोळे उघडतात ते 'फेड' नावाच्या स्वप्नलोकात. हेच ते भुयार. जगभरच्या खेळाडूंनी ज्याच्या नावानं बोटं मोडली, ते.

त्याची रचना अशी : पाच बेटं, सगळीकडे चष्मा विसरल्यासारखं धूसर. आपण एकटे, सोबती गायब. लहान भोकातून जायचं तर उंदीर व्हावं लागतं, आगीतून जायचं तर जळता माणूस, जाड दार फोडायचं तर दगडी पुतळा आणि काही दारांतून जायचं तर साक्षात भूत. ही रूपं वेगवेगळ्या बेटांवर मिळतात, आणि दार ज्या बेटावर असतं त्याची विद्या हटकून दुसऱ्या बेटावर असते. ज्यानं आयुष्यात एकदा तरी सात-बाराचा उतारा, त्याची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सवरची सही ह्यांच्यासाठी तीन खिडक्या पालथ्या घातल्या असतील त्याला हे स्वप्न ओळखीचं वाटेल. मला तिथे दोन-अडीच तास लागतात. पहिल्या खेपेला निदान पुढे काय आहे हे ठाऊक नसतं. दुसऱ्या खेपेपासून ठाऊक असतं, आणि तरीही चालावंच लागतं. माझी सध्या पाचवी खेप चालू आहे.

परवा आमचे दहावीतले चिरंजीव मागे येऊन उभे राहिले.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही? पुन्हा उंदीर?"

"हो. उंदीर झाल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही."

"अहो, मॉड टाका ना! दोन मिनिटांचं काम आहे. सगळे तेच करतात."

मॉड म्हणजे हौशी खेळाडूंनी मूळ खेळाला लावलेलं ठिगळ. ह्या भुयारासाठी 'स्किप द फेड' नावाचं ठिगळ खरोखरच आहे आणि फार लोकप्रिय आहे. ते बसवलं की हिंडणं वाचतं. वर भुयारात जागोजाग जी ताकद, चपळाई वगैरे मिळते तीही न चालता पदरात पडते. प्रवास न करता प्रवासभत्ता! बँकेत ह्याला काय म्हणतात ते मी छापील जागी लिहीत नाही.

आता माझा मुद्दा ऐका. आळसाचा राक्षस त्या भुयारात आपल्याला मारायचा प्रयत्न करीत नाही. तो आपल्याला सुख देतो. डोळे उघडताच आपला गुरू समोर उभा असतो आणि सांगतो की युद्ध संपलं, शत्रू निपटला, आता बस निवांत. प्रत्येक सोबत्याला त्यानं असंच एकेका स्वप्नात अडकवून ठेवलेलं असतं. एकाला घर हवं होतं, त्याला बहिणीचं भरलं घर दाखवलंय. दुसऱ्याला पक्कं कळतं की हे स्वप्न आहे, तरी तो मेलेल्या साथीदारांजवळ बसून राहतो. ह्या सुखाला नाही म्हणायचं आणि कंटाळा पत्करून चालत राहायचं, एवढीच त्या भुयारातली लढाई आहे. आणि आमचे वगळपंथी काय करतात? आळसाच्या राक्षसाचं भुयार आळसापायी गाळतात! परीक्षेत 'श्रमाचे महत्त्व' हा निबंध शेजाऱ्याच्या पेपरातून उतरवून काढावा, तशातला हा प्रकार.

भुयारात आणखी एक माणूस आहे. नाइल त्याचं नाव. मनोऱ्यातलाच एक जादूगार. आपल्या आधी अडकलेला आणि वाटा शोधून शोधून थकलेला. आपण नवी काही विद्या शिकलो की परत येऊन त्याच्याशी बोलायचं, पुढचं विचारायचं. शेवटी राक्षस मरतो, आपण जागे होणार असतो, तेव्हा कळतं की नाइल येऊ शकत नाही. फार दिवस झोपेत राहिल्यानं त्याचा जीव पार शोषला गेलाय. तो फक्त एवढंच सांगतो की माझ्या देहाजवळ एक मंत्रांचा कागद आहे, तेवढा घेऊन जा, वर उपयोगी पडेल. पहिल्या दोन खेपांना मी इतका वैतागलेलो होतो की कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं. नाइलचं बोलणं कानावरून गेलं. तिसऱ्या खेपेला रस्ता पाठ झाला होता, म्हणून कान मोकळे होते. तेव्हा तो माणूस मला दिसला. ज्यानं रस्ताच गाळला त्याला नाइलकडे परत परत जायचं कारण काय? त्याच्या लेखी तो वाटेतला एक खांब.

वगळपंथीयांचे युक्तिवाद मी ऐकलेले आहेत. एकेक घेऊ.

पहिला : वेळ वाचतो. मी बँकेतला माणूस. वाचलेली रक्कम मला पासबुकात दाखवता येते. वाचलेला वेळ कुठल्या खात्यात जमा होतो ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. नेटफ्लिक्सनं २०१७ साली मालिकेचं शीर्षकगीत गाळायचं बटण दिलं, व्हॉट्सॲपनं २०२१ साली निरोप दीडपट-दुप्पट वेगानं ऐकायची सोय केली. ठीक. आता सासूबाई चिमणीच्या आवाजात 'जावईबापू, कसे आहात' विचारतात आणि आपण तेवढ्यात वाचवलेले अकरा सेकंद मांजराचा व्हिडिओ बघण्यात घालवतो.

दुसरा : एकदा केलं, पुन्हा कशाला? हे विचारणाऱ्यांच्या घरी दत्तजयंतीच्या आधी सात दिवस गुरुचरित्राचं पारायण असतं. शेवटी काय होतं हे माहीत नाही म्हणून का ते वाचतात? कथा ठाऊक झाल्यावरच वाचणाऱ्याचं लक्ष तिच्यातल्या माणसांकडे जातं. मला नाइल तिसऱ्या खेपेला भेटला तो असाच.

तिसरा युक्तिवाद मात्र जोरकस आहे, आणि तो मला ऐकवला आमच्या खिडकीवर येणाऱ्या एका निवृत्त खाणकामगारानं. खाणी १९७३ साली सरकारी झाल्या, त्यानंतर थोड्याच वर्षांत हे लोडर म्हणून लागले. इनक्लाइननं खाली उतरायचं, फेसवर जायचं आणि टोपलीनं टब भरायचे. गर्दी नव्हती म्हणून मी त्यांना माझ्या भुयाराची कथा सांगितली. ते मनापासून हसले.

"साहेब, तुमचं भुयार गोड हाय. म्या तीस वर्सं काढली खाली. मले कोनी म्हनलं असतं का बाबू, तू उतरू नोको, पगार घरी आनून देतो, त म्या काय नाई म्हनलो असतो?"

ह्यावर थोर विचारवंतांनी कंटाळ्याचं तत्त्वज्ञान सांगितलं असतं. मी गप्प बसलो, कारण बाबांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. कंटाळा हा सद्गुण नव्हे. अंधारात उतरल्यानं चारित्र्य घडतं असं सांगणारे बहुधा उजेडात बसलेले असतात. यंत्रानं टोपली गेली, बरं झालं. आणखी जावं.

पण बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. पावतीच्या पाठीवर माझ्याच पेनानं त्यांनी खालचा नकाशा काढला. कोळसा काढताना कोळशाचेच खांब कसे ठेवतात, छत त्यांच्यावर कसं तोललेलं असतं, आणि शेवटी परतीच्या वाटेनं मागे मागे सरत तेही खांब काढून छत कसं कोसळू देतात. कुठल्या वळणावर पाणी यायचं, कुठे छत आवाज करायचं आणि तो आवाज आला की सरदार काय ओरडायचा. भुयारात उतरायला नको होतं, असं म्हणणारा माणूस भुयारातला एक कोपरा विसरायला तयार नव्हता.

माझं भांडण नेमकं इथे आहे. भुयार नको म्हणणं निराळं आणि भुयार नाहीच असं धरून चालणं निराळं. पहिलं कामगार म्हणतो, त्याचा तो हक्क आहे. दुसरं आपण म्हणतो. घरातला दिव्याचा खटका हे आपलं जगातलं सर्वांत यशस्वी वगळ-बटण. टक्‌ केलं की उजेड. मधली खाण, इनक्लाइन, टोपली, पाळी, सगळं गाळीव. खुद्द ते 'स्किप द फेड'सुद्धा असंच आहे. ते करणाऱ्याला भुयाराची दारं कुठून कशी उघडतात ते तपासत त्यातून किती वेळा जावं लागलं असेल! खेळ बाजारात येण्याआधी तपासनीस नावाची पगारी माणसं तेच भुयार दिवसचे दिवस चालतात, कुठे भिंतीतून पाय आरपार जातो का ते बघत. वगळणाऱ्याच्या वाटचं चालणं कोणीतरी आधी चालून ठेवलेलं असतं. चालणं रद्द होत नाही. फक्त आपल्या नावावरून दुसऱ्याच्या नावे टाकलं जातं. ह्या नोंदीला जमाखर्चात दोन बाजू असतात, हे बी.कॉम. झालेल्या माणसानं नाही सांगायचं तर कोणी?

नोव्हेंबर आला की हे मला खिडकीतून दिसतं. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी पुराव्यानिशी सिद्ध करायचं. २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावरही होतं. अंगठा ठेवा, झालं. उत्तम सोय आहे, माझ्या वडिलांनाही मी तीच करून देतो. पण टब भरून भरून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या त्यांचा अंगठा यंत्राला पटत नाही. यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. बाबा पुन्हा अंगठा ठेवतात, कपाळाला पुसून ठेवतात, धोतराला पुसून ठेवतात. यंत्र पुन्हा तेच. समोर धडधाकट उभा असलेला माणूस हयात असल्याची खात्री यंत्राला काही केल्या पटत नाही. मग कागदी नमुना निघतो. नाव, क्रमांक, दोन ओळखखुणा, सही, शिक्का. वीस मिनिटं जातात. रांगेतला एखादा तरुण मागून म्हणतो, "काका, हे तुम्ही मोबाइलवर नाही का करून घेत? बाकीच्यांचा टाइम जाते ना!"

त्या तरुणाला माझं सांगणं आहे की बाबा रे, ती वीस मिनिटं म्हणजेच ते भुयार. तू गाळलंस म्हणून ते बुजलं नाही. त्यात हा माणूस उभा आहे आणि त्याच्यासमोर मी.

कारकुनाचा लेख मागण्यांशिवाय संपू नये असा संघटनेचा दंडक आहे, म्हणून आमच्या मागण्या खालीलप्रमाणे. एक : पहिल्यांदा खेळणाऱ्यास भुयार गाळण्याची परवानगी नसावी. दोन : दुसऱ्यांदा खेळणाऱ्यानं गाळायचंच असेल तर खुशाल गाळावं, पण आतली बक्षिसं परत करावीत, बिनचालीचा भत्ता मंजूर होणार नाही. तीन : प्रत्येक वगळ-बटणाखाली बारीक अक्षरात का होईना, तो रस्ता कोण चाललं ते लिहावं. सिनेमाच्या शेवटी नावं येतात तसं. ती नावंही लोक गाळतात हे मला माहीत आहे. त्यासाठी चौथी मागणी तयार होत आहे.

चिरंजीवांना ह्या मागण्या वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "बाबा, लेख लांबला. मधला तो जपानचा भाग गाळला तर चालेल."